गॅस्केट पुन्हा पुन्हा का जळते?

घरातल्या प्रेशर कुकरच्या झाकणात रबराची एक कडी असते. ती जुनी होऊन कडक झाली की कुकर फुसफुसतो, शिटी होत नाही आणि डाळ कच्ची राहते. नवी कडी आणून बसवली की काम भागते. पण समजा, नवी कडीही चार दिवसांत गेली आणि तिच्या मागोमाग आणलेली तिसरीही गेली, तर? मग दोष कडीचा नसून दुसरीकडे कोठे तरी आहे, असा संशय यायला हवा. कदाचित भांडे हातातून पडून त्याचा काठ चेपला असेल.

अशीच एक तक्रार २०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या किनाऱ्यावर माझ्यापुढे आली. माझ्या एका विद्यार्थ्याचे काका मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना होडीने नेतात आणि आणतात. होडीच्या मागे दोन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी जुनी आउटबोर्ड मोटर. दिवाळी म्हणजे त्यांच्या कमाईचे दिवस, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोटर वाळूवर उलगडून ठेवलेली. "ह्यो तिसरो गॅस्केट, सर," काका म्हणाले. "मेस्त्री म्हणतत, माल डुप्लिकेट आसा." मागच्या खेपेला होडीत माणसे असताना मोटर बंद पडली होती. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत आणि होड्या त्यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेने जातात. तेथे बंद मोटर म्हणजे गंमत नव्हे. दुसरी होडी मदतीला आली म्हणून निभावले. आता नवी मोटर घ्यायची तर कर्ज काढावे लागणार होते.

मोटरीच्या पोटात

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायची ही मोटर तुम्ही पाहिली असेल. वर इंजिन, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाला पंखा. मूळचा नॉर्वेचा असलेल्या ओल एव्हिनरूड याने अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी अशा मोटरी १९०९ साली विकायला सुरुवात केली, आणि त्यानंतर त्या जगभर पसरल्या. आता नव्या मोटरी बहुधा चार धावांच्या असतात; परंतु आपल्या किनाऱ्यावर दोन धावांच्या जुन्या मोटरी अजून पुष्कळ दिसतात. काकांची त्यांपैकीच एक.

सिलिंडर म्हणजे एका बाजूने बंद असलेली नळी. तिच्यात दट्ट्या मागेपुढे सरकतो. नळीची बंद बाजू अखंड नसते. तेथे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे एक जाड झाकण बोल्टांनी आवळलेले असते. त्याला हेड म्हणतात. मोटारगाडीत हे झाकण साधारणपणे वर असते. आउटबोर्ड मोटरीत सिलिंडर आडवे असल्यामुळे ते मागच्या बाजूला येते. हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये पातळ थर असतो, तेच गॅस्केट. पूर्वी ते तांब्याच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस दाबून करीत. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याची जागा ग्राफाइटने आणि पोलादी पत्र्याच्या थरांनी घेतली.

या थराला दोन कामे एकदम करावी लागतात. आतल्या तप्त वायूला बाहेर पडू द्यायचे नाही, आणि सिलिंडरभोवती खेळणाऱ्या थंड पाण्याला आत येऊ द्यायचे नाही. काही ठिकाणी वायू आणि पाणी यांच्यामध्ये बोटाच्या रुंदीइतकेही अंतर नसते!

आता थोडा हिशेब करू. सिलिंडरचा व्यास ६ सेंमी धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंमी होते. पेट्रोलच्या वाफेचा भडका उडतो त्या क्षणी आतला दाब वातावरणाच्या सुमारे ३५ पट होतो, असे समजू. म्हणजे दर चौरस सेंमीवर सुमारे ३६ किलोग्रॅम भार. हेडला बाहेर ढकलणारे एकूण बल झाले सुमारे १००० किलोग्रॅम भार, म्हणजे एका लहान मोटारगाडीच्या वजनाइतके. दोन धावांच्या इंजिनात दर फेऱ्याला एक भडका उडतो. मिनिटाला ५००० फेरे असतील, तर हा धक्का सेकंदाला ८३ वेळा बसतो. तासाभरात तीन लाख!

या धक्क्यांनीच गॅस्केट फाटत असेल, असे तुम्हांला वाटेल. मलाही पहिला प्रश्न तोच पडला. म्हणून बोल्टांचा हिशेब केला.

बोल्ट ही एक स्प्रिंग आहे

बोल्ट आवळला म्हणजे तो नुसता "घट्ट बसतो" असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो लांब होतो. ८ मिमी जाडीचा पोलादी बोल्ट नीट आवळला, तर त्यात सुमारे १५०० किलोग्रॅम भाराइतका ताण निर्माण होतो. त्याची ताणली जाणारी लांबी ४० मिमी असेल, तर ती जवळजवळ ०.०८ मिमीने वाढते. डोक्याच्या एका केसाच्या जाडीएवढी ही वाढ. हूकचा नियम तुम्ही शिकला आहात. ताणलेली स्प्रिंग आखडू पाहते, तसा बोल्टही आखडू पाहतो आणि त्या ओढीने हेड सिलिंडरवर दाबले जाते.

काकांच्या मोटरीत असे दहा बोल्ट होते. म्हणजे दाबणारे एकूण बल १५,००० किलोग्रॅम भार, आणि उचलणारे फक्त १०००. इतके आवळलेले हेड उचलले जाणे शक्यच नाही! मग वायू निसटला कसा?

उत्तर तुमच्या पुस्तकातल्या पहिल्याच सूत्रात आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पंधरा टन बल सगळ्या गॅस्केटवर सारखे वाटले गेले, तर प्रत्येक भागाच्या वाट्याला भरपूर दाब येतो. परंतु हेड जर कोठे वाकले असेल, तर उंचवट्याच्या ठिकाणी सगळा भार जातो आणि खोलगट ठिकाणी काहीच उरत नाही. तेथे वायूला वाट मिळते. वायूचे तापमान भडक्याच्या वेळी २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. एकदा का केसाएवढी फट मिळाली, की गॅस्केट तेवढ्या जागी करपत जाते. त्या जागी नवे गॅस्केट घातले तरी फट तेथेच असते. मग माल अस्सल असो की नकली, तो जळणारच.

जळलेले गॅस्केट वाचणे

मेस्त्रींनी तिन्ही जुनी गॅस्केटे टाकून दिली नव्हती, ही मोठी चांगली गोष्ट. ती आम्ही वाळूवर एका रांगेत मांडली. तिन्ही एकाच जागी जळली होती. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळी, करपलेली रेघ होती.

जळलेले गॅस्केट हे एखाद्या पंचनाम्यासारखे असते. ते बाहेरच्या कडेला एका बोल्टाजवळ गेले असेल, तर त्या बोल्टाचे आटे तपासावेत किंवा तेथला धातू खाऱ्या पाण्याने खाल्ला आहे का ते पाहावे. सिलिंडरच्या भोकाभोवती सगळीकडे झिजून खडबडीत झाले असेल, तर इंजिन ठोके मारीत असावे. पेट्रोलमध्ये केरोसिन मिसळून चालवणाऱ्यांच्या मोटरीत असे होते. केरोसिनमिश्रित वाफ ठिणगीची नीट वाट न पाहता आपोआप पेट घेते आणि दाबाच्या लाटा हातोडीसारख्या आपटतात. (केरोसिनसाठीच बनवलेल्या मोटरीत सिलिंडरातले आकुंचन मुद्दाम कमी ठेवलेले असते, साध्या पेट्रोल मोटरीत ती सोय नसते.) मात्र तिन्ही वेळा दोन सिलिंडरांच्या मधोमध जळाले असेल, तर हेड वाकले आहे, असा अंदाज बांधायला हरकत नाही. त्या पट्टीला दोन्ही बाजूंनी आग असते, आणि बोल्ट मात्र फक्त तिच्या दोन टोकांना.

अंदाज पडताळून पाहण्यासाठी फार मोठे साधन लागले नाही. हेड स्वच्छ करून त्यावर पोलादी सरळपट्टी उभी धरली आणि मधल्या फटीत मोजमापाच्या पातळ पात्या घालून पाहिल्या. मधल्या पट्टीवर ०.२ मिमीची पाती सहज आत गेली. अशा लहान मोटरींच्या माहितीपुस्तकात साधारणपणे ०.१ मिमीपर्यंतचा वाकडेपणा चालतो असे दिलेले असते. येथे तो दुप्पट होता. तिन्ही गॅस्केटे बदलली गेली, पण ही पट्टी एकदाही लावली गेली नव्हती. मेस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही. हंगामात दारात चार मोटरी पडलेल्या असताना "घाल नवे आणि दे" हाच व्यवहार होतो.

हेड वाकले कशाने?

येथपर्यंत आल्यावर हेड सपाट करून मोकळे व्हावे, असे वाटते. तसे केले असते तर चौथे गॅस्केटही महिन्याभरात गेले असते. हेड आपण होऊन वाकत नाही.

तापवलेला धातू प्रसरण पावतो. हेडचा भडक्याकडचा भाग फार तापतो, कडा मानाने थंड राहतात. मधल्या भागाला पसरायचे असते, कडा त्याला पसरू देत नाहीत. तापमान मर्यादेत असेल तर धातू हा ताण सोसतो आणि निवल्यावर पूर्ववत होतो. पण तापलेले अॅल्युमिनियम मऊ पडते. मर्यादेबाहेर तापले की मधला भाग कायमचा दबतो, आणि निवताना आखडून हेडला बाक देतो.

बोल्टांचे हाल वेगळेच. अॅल्युमिनियम दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागांपैकी २३ भाग वाढते, पोलाद फक्त १२. मोटर ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापली, तर ४० मिमी जाडीच्या हेडची वाढ बोल्टाच्या वाढीपेक्षा सुमारे ०.०२६ मिमीने जास्त होते. तेवढे चालते. परंतु पाणी न मिळून ते २०० अंशांपर्यंत गेले, तर हा फरक ०.०७५ मिमी होतो. बोल्ट मुळात ताणला होता ०.०८ मिमी! म्हणजे त्याच्यावर जवळजवळ दुप्पट ताण येऊ पाहतो. मधले गॅस्केट चेचले जाते. मोटर निवली की हेड आखडते, पण चेचलेले गॅस्केट पूर्वीइतके जाड होत नाही. ते ०.०४ मिमीने जरी दबले असले, तरी बोल्टाची निम्मी ओढ गेली. दिसायला बोल्ट जागच्या जागी असतो, पानाही फिरत नाही, आणि आवळ मात्र निम्मी झालेली.

तेव्हा खरा प्रश्न उरला तो पाण्याचा. आउटबोर्ड मोटरीला गाडीसारखा रेडिएटर नसतो. समुद्र हाच तिचा रेडिएटर. पायातल्या जाळीतून समुद्राचे पाणी आत येते, रबरी पाकळ्यांचा एक लहान पंप ते वर चढवतो, ते सिलिंडर आणि हेड यांच्या भोवतीच्या पोकळीतून फिरते आणि बाहेर पडते. मोटर चालू असताना मागून एक बारीक पिचकारी उडत असते, ती पाणी फिरत असल्याची खूण. काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, की अलीकडे धार बारीक झाली होती खरी.

पंप उघडला. रबराच्या पाकळ्या एका बाजूला वळून तशाच कडक झाल्या होत्या, आणि उथळ पाण्यातल्या वाळूने पंपाच्या भांड्याला चरे पाडले होते. हेडच्या मागचे आवरण काढले, तर पाण्याच्या वाटेत पांढरा, खडूसारखा थर. काही ठिकाणी दोन मिमी जाड!

हा थर कोठून येतो? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले मीठ पाण्यात सहज विरघळते. परंतु कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव उलटा आहे. पाणी जितके गरम, तितका तो कमी विरघळतो. म्हणून तो नेमका सर्वांत तापलेल्या भिंतीवरच बसतो. मोटर बंद केली की पाणी खाली निथळते, पण भिंतींना चिकटलेले पाणी गरम धातूवर वाळते आणि आपले सगळे क्षार तेथेच ठेवून जाते. दिवसातून दहा फेऱ्या म्हणजे दहा वेळा हे घडते. त्यातच खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम आणि पोलाद एकत्र आले, की घटमालेसारखी क्रिया होऊन अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी या थरात मिसळते. (ही झीज टाळण्यासाठी मोटरीला जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. अॅल्युमिनियमऐवजी तो स्वतः झिजतो. काही जण तो रंगवून टाकतात! रंगवलेला तुकडा काहीही कामाचा नाही.)

असा थर उष्णतेचा दुर्वाहक असतो. हेडच्या धातूच्या मानाने तो उष्णता सुमारे शंभराव्या हिश्शानेच वाहून नेतो. म्हणजे एक मिमी थर बसणे हे हेड दहा सेंटिमीटरने जाड करण्यासारखे आहे. शिवाय एकदा गॅस्केट थोडे फुटले, की तप्त वायू पाण्याच्या पोकळीत शिरतो. त्याचे बुडबुडे पाण्याला बाजूला सारतात, हेड आणखी तापते, आणखी वाकते, गॅस्केट आणखी जळते. दोष स्वतःच स्वतःला वाढवत नेतो.

दुरुस्ती

पहिला दिवस पाण्याच्या वाटा मोकळ्या करण्यात गेला. मऊ थर लाकडी काड्यांनी खरवडला, उरलेला व्हिनेगरमध्ये भिजवला. बुडबुडे आले, कार्बन डायऑक्साइडचे. झटपट काम व्हावे म्हणून काही जण संडास धुण्याचे तीव्र ॲसिड वापरतात. ते थराबरोबर अॅल्युमिनियमही खाते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. पंपाच्या पाकळ्या आणि भांडे नवे घातले. तापमान सांभाळणारी थर्मोस्टॅटची झडप क्षाराने अडकली होती, तीही बदलली.

मग हेड सपाट करणे. दुकानातून जाड काचेचा तुकडा आणला, कारण काच बहुतेक ठिकाणी पुरेशी सपाट असते. तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पाणी लावून चिकटवला आणि हेड पालथे घालून इंग्रजी आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवले. दर पाच मिनिटांनी पाहायचे. उंच भाग चकचकीत होत जातात, खोल भाग काळे राहतात. काळे शेवटचे बेट नाहीसे व्हायला तीन तास लागले. सिलिंडरच्या बाजूचा पृष्ठभागही पट्टी लावून पाहिला. तो ठीक होता.

बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीसचे बोट लावले. याला कारण आहे. पान्याला आपण जेवढा जोर लावतो, त्यातला सुमारे नव्वद टक्के जोर घर्षणातच खर्च होतो आणि बोल्ट ताणण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आट्यांत मीठ आणि गंज असला, की तो दहावा हिस्साही राहत नाही. पाना अडतो, हाताला घट्ट लागते, आणि बोल्ट ताणलेला नसतोच.

किती जोर लावायचा? त्या मोटरीच्या पुस्तकातला आकडा सुमारे २.४ किलोग्रॅम-मीटर होता. जोर मोजणारा पाना मेस्त्रींकडे नव्हता. पण मासे तोलायचा ताणकाटा होता! पान्यावर बोल्टापासून २४ सेंमीवर खूण केली, तेथे काटा अडकवून काटकोनात ओढला. ०.२४ मीटर गुणिले १० किलोग्रॅम, म्हणजे २.४. काटा दहावर आला की थांबायचे. मेस्त्रींना ही युक्ती इतकी आवडली, की पुढचे सगळे बोल्ट त्यांनीच आवळले.

आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा. मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही बाजूंना बाहेर जायचे, आणि एकदम पूर्ण न आवळता तीन फेऱ्यांत. एका कोपऱ्यापासून सुरू केले, तर पलंगावरची चादर एका टोकाने ओढल्यासारखे होते. सुरकुती दुसरीकडे जमा होते. गॅस्केटवर लाल लुकण फासण्याचा मेस्त्रींचा बेत होता. पुस्तकात सांगितलेले नसेल, तर ते लावू नये असे माझे मत आहे. सपाट जागी त्याची गरज नसते, आणि वाकड्या जागी ते टिकत नाही.

चौथे गॅस्केट पुढच्या मे महिन्यात, पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढेपर्यंत टिकले. काकांनी एक नवी सवय लावून घेतली. संध्याकाळी मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून पाच मिनिटे चालवायची, म्हणजे आतले खारे पाणी धुऊन जाते.

तुम्ही करून पाहा

सपाटपणा तपासण्याची एक युक्ती घरी करता येईल. खिडकीच्या काचेचा, कडा घासलेला एक तुकडा घ्या. त्यावर काजळात खोबरेल तेलाचा थेंब मिसळून अगदी पातळ थर बोटाने पसरा. आता एखादी "सपाट" वस्तू, उदाहरणार्थ वजनाच्या मापाचा तळ, स्टीलच्या डब्याचे झाकण किंवा जुनी फरशी, त्यावर हलकेच टेकवून किंचित फिरवा आणि उचला. जेथे काळे लागले तो उंचवटा, जेथे कोरे राहिले तो खळगा. डब्याच्या झाकणावर बहुधा तीनच ठिपके उमटलेले दिसतील. तीनच का, चार का नाहीत, याचा विचार करा. तिपाई कशाही जमिनीवर डगमगत नाही आणि चौरंग मात्र डगमगतो, हे आठवले तर उत्तर लवकर सापडेल.